काझ्याची वाट आणि गाडीचे वजन

मोठी मोटारसायकल देऊन लहान घ्यावी की काय, हा प्रश्न वरवर पाहता हौसेचा वाटतो. परंतु ज्या घरात वाहन एकच असते, सुट्टी वर्षातून एकदाच मिळते आणि त्या सुट्टीत पती-पत्नी मिळून हिमालयाकडे निघतात, त्या घरात तो पैशाचा, प्रकृतीचा आणि सोबतीचाही प्रश्न होऊन बसतो. आमच्या घरी गेले काही महिने हीच चर्चा चालू आहे. आमची गाडी साडेसहाशे सी.सी.ची, दोन सिलिंडरांची. टाकी भरली म्हणजे तिचे वजन २४१ किलो होते. ती घेऊन त्याबद्दल दोनशे सी.सी.ची, सुमारे १६० किलो वजनाची गाडी द्यावयास एक विक्रेता तयार आहे व वरची रक्कम तो रोखीने देईल. महिनाअखेर त्याला उत्तर हवे आहे.

अशा प्रश्नाचे उत्तर कागदावर शोधण्यापेक्षा ज्या वाटेसाठी गाडी हवी, ती वाट एकदा मनाशी उलगडून पाहणे बरे. आम्ही त्या मोठ्या गाडीवरून एका उन्हाळ्यात दिल्लीहून सिमला, किन्नौर आणि स्पिती ह्या मार्गाने कुंझुम खिंड ओलांडून मनालीस उतरलो. वाचकांनी त्या वाटेने आमच्याबरोबर यावे आणि प्रत्येक टप्प्यावर कोणती गाडी बरी, ह्याचा निवाडा स्वतःच करावा.

दिल्ली सोडल्यावर पहिला दिवस मैदानाचा. सोनीपत, पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र, अंबाला ही इतिहासाच्या पुस्तकातील नावे येथे मैलांच्या दगडांवर एकामागून एक येतात. रस्ता रुंद, सरळ आणि ट्रकांनी गजबजलेला. मोठ्या गाडीचे सारे गुण येथे दिसून येतात. यंत्राला धाप लागत नाही, शेजारून मालमोटार गेली तरी वाऱ्याच्या झोताने गाडी हलत नाही, आणि मागे बसलेल्या माणसाला चार तासांनंतरही पाठीची आठवण होत नाही. माझी पत्नी ह्या मैदानात मागच्या बैठकीवर चक्क डुलकी घेते. लहान गाडीवर हे सुख नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे.

तथापि वेगाच्या बाबतीत मोठेपणाचा उपयोग फार थोडा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावरही मोटारसायकलीस ताशी ८० किलोमीटरचीच मर्यादा घातलेली होती. ८० चा वेग दोनशे सी.सी.ची गाडीही दिवसभर धरू शकते. म्हणजे उरलेली शक्ती आपण विकत घेतो, तिच्यासाठी पेट्रोल जाळतो, परंतु ती वापरण्यास कायद्याने वाव नाही आणि शहाणपणानेही नाही.

पानिपतला मराठी माणूस सहसा थांबल्यावाचून पुढे जात नाही. गावाबाहेर काला आमचे स्मारक आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी येथे जे घडले त्याची कारणे इतिहासकारांनी अनेक सांगितली आहेत. त्यांत एक कारण वजनाचे आहे. सदाशिवरावभाऊंच्या लष्कराबरोबर लढवय्यांखेरीज यात्रेकरू, कुटुंबकबिला, व्यापारी आणि नोकरचाकर असा मोठा जमाव होता. त्या साऱ्यांना मराठीत ‘बुणगे’ असा नेमका शब्द आहे. ज्या सैन्याची ख्याती भीमथडीच्या तट्टांवरून चपळाईने येण्याजाण्याची, ते ह्या बुणग्यांमुळे जागचे हलेनासे झाले आणि धान्य-वैरणीवाचून उपासमारीस आले. एवढ्या मोठ्या शोकांतिकेशी आपल्या सहलीची तुलना करणे शोभणार नाही. पण स्मारकापासून परत फिरताना आमच्या गाडीच्या दोन्ही अंगांस बांधलेल्या फुगीर पिशव्यांकडे पाहून पत्नी म्हणाली, “आपले बुणगेही काही कमी नाहीत.” तो शब्द पुढे प्रवासभर आमच्या तोंडी राहिला. मोठ्या गाडीचा हा एक स्वभावच आहे. तिच्यावर जागा असते, म्हणून सामान वाढते. आणि सामान वाढले म्हणजे गाडी आणखी मोठी वाटू लागते.

कालका सोडल्यावर चढण लागते. एका बाजूला १९०३ साली सुरू झालेली अरुंद रुळांची सिमल्याची आगगाडी डोंगरात शिरताना दिसते आणि दुसऱ्या बाजूला रुंद केलेला महामार्ग वर चढत जातो. सिमल्यापुढचा रस्ता जुना. १८५० साली लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत ह्या हिंदुस्थान-तिबेट मार्गाचे काम सुरू झाले. तिबेटच्या व्यापारासाठी सतलजच्या खोऱ्यातून नेलेली ही वाट आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५ म्हणून ओळखली जाते. नारकंड्याला देवदारांची दाट सावली आहे. तेथून रस्ता एकदम खाली सतलजच्या काठी उतरतो आणि रामपूर येते.

रामपूर ही जुन्या बुशहर संस्थानची राजधानी. जवळच १,५०० मेगावॅटचा नाथपा-झाकडी जलविद्युत् प्रकल्प आहे. नदीचे पाणी सत्तावीस किलोमीटरांहून लांब अशा बोगद्यातून नेऊन येथे वीज निर्माण करतात. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने रामपूरचे महत्त्व निराळे आहे. येथे दर वर्षी नोव्हेंबरमध्ये लवी नावाची मोठी जत्रा भरते. तिबेट आणि बुशहर ह्यांच्यातील व्यापाराची ती जुनी खूण. लोकर, सुकामेवा, जर्दाळू ह्यांच्याबरोबर तेथे स्पितीकडील चामुर्थी घोड्यांचा व्यवहार चालत आला आहे. खांद्यापाशी दीड मीटरही उंची नसलेले हे घोडे. दिसायला साधे, पायाचे पक्के, थोड्या चाऱ्यावर राहणारे आणि विरळ हवेत ओझे वाहणारे. हिमालयाच्या ह्या भागातील माणसांनी कित्येक पिढ्या घोडे पाळले व निवडले, आणि ती निवड अखेर लहान, काटक जनावरापाशी येऊन थांबली. दख्खनच्या पठारावर भीमथडीच्या तट्टाचीही कथा हीच नव्हे काय? उंच, डौलदार घोडा मिरवणुकीत शोभतो. पण वाट अवघड आणि वैरण थोडी असली म्हणजे माणूस तट्टू बरे म्हणतो.

रामपूरपुढे किन्नौर जिल्हा सुरू होतो. येथे रस्ता कित्येक ठिकाणी कड्याच्या पोटात कोरून काढलेला आहे. डोक्यावर खडकाचे छत आणि पायाखाली शेकडो मीटर खोल सतलज. समोरून राज्य परिवहनाची बस आली म्हणजे कोणी तरी मागे सरावे लागते, आणि ते कोण, हे सांगण्याची गरज नसते. चढाच्या रस्त्यावर, खडीवर, दोन माणसे व सामान असलेली २४१ किलोची गाडी पायांनी मागे ढकलणे हा एक व्यायामच आहे. अशा वेळी पत्नी खाली उतरून मागचा दगड पाहून सांगे आणि मी तसूतसूने गाडी मागे घेई. करछमपाशी बास्पा नदी सतलजला मिळते; त्यापुढे रिकाँग पिओ, आणि वर किन्नर-कैलासाची शिखरे. सफरचंदाच्या बागा, लाकडी कोरीव देवळे आणि हिरवी टोपी घातलेली हसतमुख माणसे ह्यांमुळे हा मुक्काम प्रवाशाच्या मनात घर करतो.

खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते. येथून झाडी संपते आणि उघडा, पिवळट, भुसभुशीत डोंगर सुरू होतो. मान्सूनचे ढग अलीकडच्या रांगांवरच रिते होत असल्यामुळे हा प्रदेश थंड वाळवंट झाला आहे. नाको गावाचे लहानसे तळे पाहून, दरडींसाठी कुप्रसिद्ध असलेला मलिंगचा नाला ओलांडून आम्ही ताबोला पोचलो. इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला येथील मठ बाहेरून मातीच्या साध्या भिंतींचा दिसतो. आत मात्र भित्तिचित्रे आणि मातीच्या मूर्ती ह्यांचे भांडार आहे. त्यास हिमालयातील अजिंठा असे म्हणतात. १९७५ च्या भूकंपात त्याला धक्का बसला, तरी त्या अंधाऱ्या दालनात उभे राहिल्यावर हजार वर्षांचे अंतर जाणवत नाही.

ताबोची उंची ३,२०० मीटरांच्या वर आणि काझ्याची ३,६०० मीटरांच्या वर आहे. ह्या उंचीवर गाडीचे गणित बदलते. हवा विरळ झाली की सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो आणि तेवढेच इंधन कमी जळते. नव्या गाड्यांतील इंधन-अंतःक्षेपण पद्धती पेट्रोल व हवा ह्यांचे प्रमाण बरोबर राखते, त्यामुळे जुन्या कार्बुरेटरप्रमाणे यंत्र धूर ओकत अडखळत नाही; पण नसलेली हवा ती आणणार कोठून? साडेचार हजार मीटरांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ३५ ते ४० टक्क्यांनी घटलेली असते, आणि यंत्राची शक्तीही जवळपास तितकीच घटते. ४७ अश्वशक्तीच्या आमच्या गाडीपाशी तेथे सुमारे २८ अश्वशक्ती उरतात. दोनशे सी.सी.च्या गाडीच्या १९ पैकी ११-१२ उरतील. हा आकडा पाहून प्रथमदर्शनी मोठ्या गाडीचा पक्ष बळकट वाटतो, आणि दोघांना एकाच गाडीवर चढ चढावयाचा असेल तर तो बळकट आहेच. परंतु हिशेबाचा दुसरा भाग विसरून चालत नाही. उंचीमुळे शक्ती घटते, वजन मात्र रेसभरही घटत नाही. शिवाय गाडी सावरणारा माणूसही त्याच विरळ हवेवर चालतो. दिल्लीत जी गाडी मी सहज स्टँडवरून काढतो, तीच काझ्यात सकाळी बाहेर काढताना मला दोनदा थांबून श्वास घ्यावा लागे.

काझ्याच्या बाजारात उभे राहून आम्ही तेथील लोक काय वापरतात ते पाहिले. बाहेरून आलेल्या प्रवाशांच्या गाड्या मोठ्या होत्या. गावातील तरुण, शाळेत जाणारे शिक्षक, भाजीची पोती लादून किब्बरकडे निघालेला माणूस, ह्यांच्या गाड्या बहुधा शंभर ते दोनशे सी.सी.च्या. पंक्चर काढणाऱ्याला मी ह्याचे कारण विचारले. त्याने हातातले काम न थांबविता सांगितले, “बाबूजी, गिर जाए तो अकेले उठनी चाहिए.” पडली तर एकट्याने उचलता आली पाहिजे. ह्यापेक्षा सोपी कसोटी मी दुसरी ऐकलेली नाही.

त्या कसोटीचा प्रत्यय दोनच दिवसांनी आला. लोसर गाव सोडून आम्ही कुंझुम खिंडीवर चढलो. तिची उंची साडेचार हजार मीटरांहून थोडी अधिक. हिवाळ्यात ही खिंड बर्फाने बंद असते. माथ्यावर कुंझुम देवीचे स्थान आहे आणि प्रत्येक वाहन त्यास प्रदक्षिणा घालून मगच पुढे जाते. पलीकडे बातालला उतरल्यावर चंद्रा नदीच्या काठाने छत्रू व ग्राम्फूकडे जाणारा सुमारे पन्नास किलोमीटरांचा टप्पा लागतो. रस्ता म्हणण्यासारखे तेथे फार थोडे होते. नारळाएवढ्या गोट्यांचे पात्र, आणि अधूनमधून हिमनद्यांतून येणारे नाले. उन्ह चढले की बर्फ वितळून नाल्यांचे पाणी वाढते, म्हणून तेथील जाणते लोक सकाळीच ते ओलांडतात. आम्हीही भल्या सकाळी निघालो होतो. पत्नी पायी पलीकडे गेली. मी नाल्याच्या मध्यावर असताना पुढच्या चाकाखालचा धोंडा फिरला, गाडी हळूच एका अंगावर कलली आणि पाण्यात आडवी झाली. मला काही लागले नाही. मात्र त्या बर्फगार पाण्यात उभे राहून मी तीनदा जोर केला आणि गाडी वीतभरही हलली नाही. अर्ध्या तासाने रस्त्याच्या कामावरील चार मजूर आले, तेव्हा ती उभी राहिली. त्यांनी पैसे घेण्यास नकार दिला. चहा मात्र घेतला. त्या अर्ध्या तासात पलीकडच्या काठावर एकटी बसलेली माझी पत्नी काय विचार करीत होती, ते तिने मला मनालीला सांगितले. “मला तिला हातही लावता येत नव्हता. तुला काही झाले असते, तर मी ती गाडी घेऊन कुणाला बोलवायलाही जाऊ शकले नसते.”

आमच्या दृष्टीने प्रश्नाचे मूळ येथे आहे. ग्राम्फूनंतर डांबरी रस्ता लागला, ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेल्या नऊ किलोमीटरांच्या अटल बोगद्यातून आम्ही काही मिनिटांत पलीकडे पोचलो, आणि मोठी गाडी पुन्हा डौलात धावू लागली. साऱ्या प्रवासात तिला अवघड गेलेले अंतर फार तर शंभर किलोमीटरांचे असेल. मग शंभर किलोमीटरांसाठी उरलेल्या हजाराहून अधिक किलोमीटरांचे सुख का सोडावे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. ह्याचे उत्तर प्रत्येकाच्या वाटेवर अवलंबून राहील. ज्यांना दिल्लीहून जयपूर-उदयपूर किंवा सागरकिनाऱ्याने दक्षिणेस जावयाचे आहे, त्यांनी मोठी गाडी खुशाल ठेवावी. आम्हीही तिच्यावरून राजस्थान पाहिला तो मोठ्या आनंदात. परंतु ज्या वाटेला आम्हाला पुन्हा पुन्हा जावेसे वाटते, ती ही स्पितीची वाट. आणि तिच्यावरील ते शंभर किलोमीटरच मदतीपासून सर्वांत दूर आहेत.

‘मोठी’ हा शब्दही काळानुसार बदलत आला आहे. १९५५ साली मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे एन्फील्ड बुलेटची जुळणी सुरू झाली. लष्कराने सरहद्दीवर वापरलेली आणि पुढे हिमालयाच्या वाटांवर नावाजलेली ती गाडी ३४६ सी.सी.ची, १८ अश्वशक्तीची आणि पावणेदोनशे किलोच्या आतली. त्या काळी तीच मोठी गाडी. आज आम्ही लहान म्हणून जिच्याकडे पाहतो, तिची शक्ती त्या बुलेटइतकीच आहे आणि वजन तिच्याहून अधिक नाही. ज्या शक्तीवर मागील पिढ्या लडाखपर्यंत गेल्या, तिला अपुरी म्हणणे काहीसे कृतघ्नपणाचे होईल.

खर्चाचाही विचार गृहस्थाश्रमी माणसास करावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात त्रयस्थ-पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता दोनशे सी.सी.च्या गाडीस १,३६६ रुपये आणि साडेतीनशे सी.सी.वरील गाडीस २,८०४ रुपये होता. टायर, साखळी, पेट्रोल ह्या प्रत्येक बाबीत वजनाची किंमत मोजावी लागते.

राहिला मैदानाचा प्रश्न, म्हणजे मागच्या बैठकीवरील त्या डुलकीचा. त्यावर आम्ही काढलेला तोडगा वाचकांस उपयोगी पडेल म्हणून सांगतो. रेल्वेने मोटारसायकल पार्सल म्हणून पाठविता येते. टाकीतील पेट्रोल पूर्ण काढून, गाडी गोणपाटात बांधून, नोंदणीपत्र व ओळखपत्र ह्यांच्या प्रतींसह ती स्थानकावरील पार्सल कार्यालयात द्यावयाची. अशा रीतीने दिल्ली ते चंडीगढ हा टप्पा गाडीने आणि आम्ही दोघांनीही आगगाडीने करावा. पुढे ज्या दिवशी चढ फार आणि रस्ता वाईट, त्या दिवशी एकाने गाडीवर व दुसऱ्याने हिमाचल परिवहनाच्या बसने जावे. रिकाँग पिओहून काझ्यास बस जाते. लहान गाडीवर दोघांचे ओझे सतत लादावयाचे नाही, हे त्यात ओघानेच आले. दिवसभराची सोबत थोडी कमी होईल. संध्याकाळी एकमेकांना सांगण्यासारखे मात्र अधिक असेल.

लहान गाडीतही उणिवा आहेत. तिची बैठक ८२५ मिलिमीटर, म्हणजे आमच्या मोठ्या गाडीपेक्षा बरीच उंच. मागे बसणाऱ्यास जागा बेताची, आणि लांबच्या रस्त्यावर एका सिलिंडरची थरथर हातांस जाणवते. ह्यांतील कोणतीही गोष्ट विक्रेत्याच्या बोलण्याने नाहीशी होत नाही. म्हणून गेल्या रविवारी आम्ही दोघांनीही ती चालवून पाहिली. पत्नीचा एकच पाय जमिनीस पोचतो, तोही चवड्यावर. पण तिने गाडी स्वतः स्टँडवरून काढली, मोकळ्या मैदानात दोन फेऱ्या मारल्या आणि मग विक्रेत्याच्या देखत तिला अलगद आडवी करून पुन्हा उभी केली. पहिल्या प्रयत्नात नाही. तिसऱ्या प्रयत्नात, पाठ गाडीला लावून आणि पायांचा जोर देऊन. विक्रेता चकित झाला. आमच्या लेखी मात्र परीक्षा पुरी झाली होती.

मालकी-हस्तांतरणाचे २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने भरून तयार आहेत. पत्नीने गियरच्या मोटारसायकलीच्या शिकाऊ परवान्यासाठी अर्ज केला असून तो हाती येईपर्यंत नवी गाडी मी एकट्याने लांब नेऊ नये, अशी तिची अट आहे. ती मी मान्य केली आहे. कुंझुमची वाट उन्हाळ्यात उघडली की ह्या खेपेस बुणगे निम्मे करून निघावयाचे, आणि बातालपुढचा तो नाला कोणी ओलांडावयाचा व कोणी पायी जावयाचे, हे तेथे पोचल्यावर ठरवावयाचे.